डोमाजींचा अंगठा

डोमाजींच्या हातात काहीही दिलं की ते आधी त्यावरून अंगठा फिरवत, बघणं नंतर. चहा आला की कपाच्या काठावरून, वर्तमानपत्र दिलं की त्याच्या कडेवरून, मी नवा सदरा घालून दारात उभा राहिलो की माझ्या बाहीवरून. त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून गेलो त्या दिवशी सामान आत घेताना त्यांनी माझी ट्रंक, माझी खुर्ची आणि माझं चौकटीत बसवलेलं बी.ए.चं प्रमाणपत्र या तिन्हींवरून अंगठा फिरवला आणि चौकटीचा एक कोपरा नीट बसलेला नाही असं सांगितलं. प्रमाणपत्रावर काय लिहिलंय ते विचारलं नाही. मला जरा रागच आला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि नागपुरात माझ्याइतकं चांगलं इंग्रजी फार थोड्यांना येतं अशी माझी खाजगी समजूत होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गोळीबार चौकाच्या मागे विणकरांची दाट वस्ती होती, तिथं डोमाजींचं घर. पुढच्या लांबट खोलीत जमिनीत दोन खड्डे होते. हातमागावर बसणारा माणूस खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं खालच्या पट्ट्या दाबत हातानं सुताचा धोटा इकडून तिकडे फेकतो. एका खड्ड्यावर अजून माग होता. दुसऱ्यावरचा विकून झाला होता आणि त्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तसे वस्तीतले लोक एकेक करून दुसऱ्या कामाला लागले होते. डोमाजी शहराबाहेर वाडीला, मालमोटारींच्या एका गॅरेजात जात. सायकलनं जायला तास, यायला तास. घरच्या मागावर वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आणि एकुलता एक मुलगा प्रभाकर आळीपाळीनं बसत.

त्या अंगठ्याचं कारण मला हळूहळू कळलं. मागावरच्या एखाद्या धाग्याला गाठ राहिली की ती फणीच्या बारीक दातांत अडकते, धागा तुटतो आणि कापडाला भोक पडतं. म्हणून विणकराचा हात लहानपणापासून गाठ शोधायला आणि ती खुडायला शिकतो. गॅरेजातही मिस्तरी इंजिन उघडलं की आधी डोमाजींना हाक मारत. भिंगातून न दिसणारी चीर त्यांना हातानं सापडत असे. मी एकदा थट्टेनं विचारलं, की तुम्हाला देवानं डोळे कशाला दिले? त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “डोये फसते मास्तर. अंगठ्याले खुपलं म्हंजे तिथं काईतरी हाये. आन् खुपते ते काढाच लागते.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. भाजीतल्या खड्यापासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते लागू होतं. घरात ते फार बोलत नसत. जे बोलत ते प्रभाकरशी, आणि तेही मागाच्या आवाजावरून. तो विणत असताना हे ओसरीवर बसून नुसते कान देत आणि मध्येच स्वतःशीच म्हणत, की पोट्ट्याचा पाय आता बसला. प्रभाकर एकोणीस वर्षांचा होता. दुपारी आयटीआयला जायचा, सकाळी विणायचा, आणि माझ्याकडून इंग्रजी शिकायचं टाळायचा.

त्या वर्षीच्या गणपतीत तो बुडाला. वस्तीच्या मंडळाची मूर्ती शहराबाहेरच्या एका मोठ्या तलावावर नेली होती. तराफा कलला, चार पोरं पाण्यात पडली, तिघं कडेला आली. प्रभाकरला पोहता येत नव्हतं. तलावावर हौशी लोकांचं एक नौकामंडळ होतं, त्यांची एक बोट अशा दिवशी किनाऱ्याशी उभी असे. तिच्या मागे दोर ओढून चालू करायचं टू-स्ट्रोक मशीन अडकवलेलं होतं. नावाड्यानं दोर ओढला, मशीन चालू झालं नाही. पुन्हा ओढला. शेवटी तो वल्ही मारत गेला, तोवर फार उशीर झाला होता. डोमाजी घाटाच्या पायरीवर उभे होते. विणकराला फेकलेला धोटा मोजायची सवय असते, ती मोजणी त्यांच्या मनात आपोआप चालू झाली. पुढं कितीतरी दिवस ते मध्येच सांगत, “सतरा डाव ओढला मास्तर. सतरा.”

तेरावं झाल्यावर त्यांनी मला सोबत घेतलं आणि नौकामंडळाच्या चिटणिसांच्या घरी गेले. मला वाटलं भांडण होणार. वस्तीतल्या लोकांनाही तेच हवं होतं. चिटणीस पांढऱ्या कपड्यांतले सभ्य गृहस्थ होते, आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. डोमाजींनी हात जोडून एवढंच म्हटलं, की ते मशीन मला द्या. “दुरुस्त करून वापस देतो जी. दुसऱ्याच्या पोट्ट्यासाठी सतरा डाव ओढा नाई लागन.” चिटणीस म्हणाले, ते आता भंगारातच जायचं आहे. मग आत जाऊन त्यांनी मशीनसोबत आलेलं इंग्रजी माहितीपुस्तकही आणून दिलं. पुस्तक डोमाजींनी माझ्या हातात दिलं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला नाही, हे मला आज आठवतं.

मशीन आम्ही सायकलरिक्षातून आणलं. तेल गळत होतं म्हणून डोमाजींनी घरून आणलेल्या पांढऱ्या चादरीत ते गुंडाळलं होतं. आमच्या दारात ते लांबट गाठोडं दोघांनी धरून उतरवत असताना वहिनी ओसरीवर आल्या, त्यांनी पाहिलं आणि तशाच आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांच्या कशी लक्षात आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. नंतर त्या खोलीत त्या आपल्या मागावर बसत, पण दुसऱ्या खड्ड्याकडे पाठ करून.

त्या दुसऱ्या खड्ड्यातच मशीनची जागा झाली. फळ्या काढल्या, वरच्या आड्याला दोर बांधला आणि मशीन खड्ड्यात उभं टांगलं. डोमाजी काठावर बसून खड्ड्यात पाय सोडत, की मशीन बरोबर त्यांच्या छातीशी येई. त्यांनी आयुष्यभर ज्या बैठकीत लुगडी विणली त्याच बैठकीत हे काम चालू झालं. एका बाजूला वहिनींचा माग खटखटत असे, दुसऱ्या बाजूला हे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. मी मध्ये पाटावर पुस्तक घेऊन बसे.

माझं काम वाचायचं. इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. पहिल्या दिवशी मी टू-स्ट्रोक म्हणजे काय ते समजावलं. मालमोटारीच्या इंजिनात तेल वेगळं असतं, यात ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं, तेच आत जाऊन सगळ्याला वंगण करतं. मला हे आदल्या दिवशीच कळलं होतं, पण मी ते जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगितलं. डोमाजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हंजे खळ धाग्यासंगंच जाते. समजलं.” सूत तुटू नये म्हणून विणकर त्याला पेज लावतात, ती खळ. तिकडं वहिनींचा माग एक क्षण थांबला आणि पुन्हा चालू झाला.

काम करण्याची त्यांची पद्धत मी इतरत्र कुठं पाहिली नाही. काढलेल्या प्रत्येक भागाला ते सुताचा तुकडा बांधत आणि त्याला गाठी मारत. पहिल्यांदा काढलेल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन. दहाच्या पुढं गेलं की सुताचा रंग बदले. जोडताना उलटं यायचं, लाल सुताच्या शेवटच्या गाठीपासून पांढऱ्या सुताच्या पहिल्या गाठीपर्यंत. जमिनीवर पांढऱ्या धोतराचा तुकडा अंथरून त्यावर हे सगळं ओळीनं मांडलेलं असे आणि ती ओळ कुणी हलवलेली त्यांना खपत नसे. अपघातानंतर पावसात पडून राहिल्यामुळं पिस्टन आता आतल्या आत गंजून घट्ट बसला होता. गॅरेजातल्या कुणी सांगितलं, हातोडा मार. डोमाजींनी वरून रॉकेल ओतलं आणि थांबले. रोज कामाला जाण्याआधी एक चमचा रॉकेल, आणि लाकडाचा तुकडा ठेवून हलकासा ठोका. अकराव्या दिवशी सकाळी तो केसभर सरकला. त्यांनी मला उठवून दाखवलं. मला काही फरक दिसला नाही. मी दिसला म्हणालो.

अशी माझी सवय होती. हे मुद्दाम सांगतो, कारण या लिखाणात डोमाजींच्या चुकीबद्दल येणार आहे, तेव्हा माझीही आधीच सांगून ठेवलेली बरी. त्या वर्षभरात मी त्यांच्यापुढं एकदाही ‘मला समजलं नाही’ असं म्हटलं नाही. ते माझ्या तोंडाकडे असे पाहत, की तसं म्हणणं मला शक्यच नव्हतं. वस्तीत ते लोकांना सांगत, मास्तर पुस्तक वाचून राहिले म्हणून मशीन बनून राहिली. लोक मला चौकात वाट करून देत. मला ते आवडत होतं.

नव्या रिंगा कलकत्त्याहून यायला चार महिने लागले. पिस्टनच्या भोवती खाचा असतात, त्यात या लोखंडी कड्या बसतात. प्रत्येक कडी एका जागी तुटलेली असते, म्हणजे दाबून बसवता येते. कलकत्त्याच्या रिंगांच्या त्या दोन्ही टोकांना अर्धगोल कोरलेलं होतं. मालमोटारीच्या रिंगांना तसं नसतं. डोमाजींना वाटलं, पकडीत धरायला सोय म्हणून केलं असेल. मलाही तसंच वाटलं. तो रविवार होता, सकाळची वेळ. डोमाजींनी पिस्टन हातात घेतला, खाचेतून अंगठ्याचं नख फिरवलं आणि थांबले.

खाचेत एक बारीकसा ठिपका वर आलेला होता. ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढा. दुसऱ्या खाचेतही तसाच. जुनी रिंग तुटून तिचा कण तिथं रुतून बसला असावा असं त्यांना वाटलं; नवी रिंग त्यावर चढून राहत होती, नीट बसत नव्हती. त्यांनी माझा हात धरून माझं बोट तिथं टेकवलं. मग विचारलं, “मास्तर, पुस्तकात याचं काई लिवलं हाये का पाहा बरं.”

मी पाहिलं. रिंगांच्या पानाच्या खाली बारीक अक्षरांत चार ओळींचा परिच्छेद होता. त्यातले निम्मे शब्द मी कधी वाचले नव्हते, आणि उरलेले ओळखीचे शब्द तिथं काय करत होते ते मला कळेना. मी तो दोनदा वाचला. कोश माझ्या खोलीत होता, उठून आणायला दोन मिनिटं लागली असती. पण वहिनींचा माग थांबलेला होता, डोमाजी माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि इंग्रजीच्या मास्तरानं इंग्रजी वाचायला कोश आणायचा हे मला बरं दिसेना. मी पान उलटलं. म्हणालो, “याबद्दल काही नाही. पुढं जाऊ.”

डोमाजींनी ते दोन्ही ठिपके काढायला तीन रविवार घेतले. सुईएवढी कानस घेऊन, खाचेच्या तळाला ओरखडा येऊ न देता, श्वास रोखून. एकदा घासायचं, एकदा अंगठा फिरवायचा. तिसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा माझं बोट तिथं टेकवलं. काहीही खुपलं नाही. रिंग खाचेत सुळकन फिरू लागली, चक्रासारखी. ते म्हणाले, “आता कुठीच अडकत नाई.” इतकं सुंदर काम मी हातानं केलेलं पाहिलेलं नाही, आणि ते काम पाहत असताना मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता, हेही मला सांगायला हवं.

जूनमध्ये मशीन जोडून झालं. अंगणात अर्धा कापलेला पिंप पाण्यानं भरला, त्याच्या काठाला मशीन अडकवलं. सगळी वस्ती जमली. डोमाजींनी दोर ओढला, दुसऱ्या ओढीला मशीन चालू झालं. निळा धूर झाला, पाणी चौफेर उडालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोमाजींनी हसल्यासारखं केलं आणि मशीन बंद करायला वाकले, तेव्हा वहिनी दारात आल्या. इतक्या महिन्यांत त्या मशीनबद्दल त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्यांनी विचारलं, “झाली चालू?” डोमाजी म्हणाले, झाली. “मंग? तो येते का आता?”

लोक आपापल्या घरी गेले. पिंपातलं पाणी मी ओतून दिलं. डोमाजींनी मशीन पुसायला घेतलं आणि बराच वेळ पुसत राहिले. मग मला म्हणाले, की प्रभाकरची माय बराबर बोलते, पण दुसऱ्या कोणाचा तर येईन ना. त्यांचा सगळा जीव त्या एका ‘दुसऱ्या कोणा’वर टेकलेला होता. तो कोण, कुठला, काही माहीत नव्हतं. तो येत्या गणपतीत पाण्यात पडणार आणि बाहेर येणार, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्याखेरीज जगायला त्यांच्याजवळ दुसरं काही राहिलं नव्हतं.

मशीन तलावावर गेलं. नौकामंडळानं ते बोटीला अडकवलं, दोन-तीन रविवार डोमाजी स्वतः नावाड्याला घेऊन हळूहळू फेरी मारून आले. दोर कसा ओढायचा ते शिकवलं. कधी पहिल्या ओढीला, कधी दुसऱ्या. तिसरी लागली नाही. चिटणीस खूश होते. विसर्जनाच्या दिवशी डोमाजी सकाळपासून घाटावर जाऊन उभे राहिले, त्याच पायरीवर. मी शाळा सुटल्यावर गेलो. वहिनी आल्या नाहीत.

दुपारी चार-साडेचारची वेळ असेल. स्वच्छ ऊन होतं. दुसऱ्या एका वस्तीच्या मंडळाचा तराफा आत गेला होता, त्यावरचा एक तरुण, ढोल वाजवणारा, मूर्ती सोडताना तोल जाऊन पडला. किनाऱ्यावरून ओरडा झाला. नावाड्यानं दोर ओढला. एकदाच. मशीन चालू झालं. मी डोमाजींकडे पाहिलं. त्यांनी माझा दंड धरला होता आणि त्यांचं तोंड उघडं होतं, लहान मुलाचं असतं तसं. त्यांच्या तोंडावर मी पाहिलेला तो शेवटचा आनंद.

नावाड्यानं वेग पूर्ण वाढवला. बोट निम्म्या अंतरावर गेली असेल, तेव्हा अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि सगळं एकदम शांत झालं. नावाड्यानं दोर धरला. दोर हललाच नाही. मशीन आतून घट्ट अडकलं होतं. डोमाजी मोजायला उभे होते आणि मोजण्यासारखं काही घडतच नव्हतं. नावाड्यानं वल्ही काढली. तो पोचला तेव्हा तराफ्यावरचे लोक पाण्याकडे बोट दाखवत होते आणि पाण्यावर काही नव्हतं.

त्या मुलाला संध्याकाळी काढलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तो चोवीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुन्हा खड्ड्यात आलं. डोमाजींनी ते एकट्यानंच उघडलं. सुताच्या गाठी मारल्या नाहीत, खाली धोतर अंथरलं नाही. मला हाक मारली तेव्हा रिंगेचे दोन तुकडे त्यांच्या तळहातावर होते. सिलिंडरच्या भिंतीत धूर बाहेर जायला एक खिडकी असते, तिच्या कडेला खोल ओरखडा होता. त्यांनी तुटकी रिंग खाचेत ठेवली, फिरवली, आणि तिची कोरलेली टोकं जिथून ठिपका घासून काढला होता तिथं आणून थांबवली. दोन टोकांतला तो अर्धगोल आणि तो घासलेला डाग एकमेकांत तंतोतंत बसत होते. मग ते म्हणाले, “तो कण नव्हता मास्तर. तो खिळा होता. रिंग फिरू नाई म्हनून ठोकलेला. मीनं खुडून टाकला.”

खिळा नव्हता म्हणून रिंग फिरत राहिली, तिचं टोक त्या खिडकीसमोर आलं, बाहेर उडी घेऊन कडेला अडकलं आणि तुटलं. त्यांनी हे मला हातवाऱ्यांनी समजावलं, जसा मी त्यांना वर्षभर समजावत आलो होतो. मी माझ्या खोलीत गेलो, दार लावलं आणि कोश घेऊन ते पान काढलं. पाच मिनिटांत अर्थ लागला. चार ओळींमध्ये हेच लिहिलं होतं. रिंगेची टोकं त्या खिळ्यावर बसवावीत. आणि शेवटी, खिळा काढू नये.

मी दार उघडून बाहेर गेलो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी डोमाजी त्या मुलाच्या घरी निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. मनाशी ठरवलं होतं की तिथं तरी बोलायचं. त्या मुलाचा बाप बाजेवर बसला होता. डोमाजींनी त्याच्या पायांशी जमिनीवर बसून सांगितलं, की मशीन मीनं बनवली होती, चूक मायी होती. त्या माणसाला काही कळलं नाही. त्याला इतकंच समजलं की कुणी गरीब माणूस लांबून भेटायला आला आहे. त्यानं आतून चहा मागवला. डोमाजींनी तो कप दोन्ही हातांत धरला आणि तसाच थंड होऊ दिला. मी माझा चहा प्यालो.

त्यानंतर डोमाजींनी कशावरूनही अंगठा फिरवलेला मी पाहिला नाही. गॅरेजात त्यांनी इंजिनाला हात लावायचं सोडलं, चाकं काढायची, सामान उचलायचं, एवढंच करत. मिस्तरींनी खूप समजावलं. घरी वहिनींना धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरून देत, पण गाठ लागली तर ती तशीच पुढं जाऊ देत. मागावर धागा तुटे. वहिनी तो जोडत. एकदा मी म्हणालो, डोमाजी, गाठ आहे बघा. ते म्हणाले, “राहू द्या. मले काय मालूम ती कशासाठी हाये.”

हे ऐकून घेणं मला फार दिवस जमलं नाही. पुढच्या वर्षी शाळेजवळ खोली मिळाली असं सांगून मी ते घर सोडलं. डोमाजी हातगाडीवर सामान चढवायला आले होते. माहितीपुस्तक माझ्या ट्रंकेत होतं. त्यांनी ते परत मागितलं नाही आणि मी दिलं नाही. पुढं लग्न झालं, बढती मिळाली. गोळीबार चौकाकडे दिवाळीत एखादी चक्कर होई. दरवेळी जाताना ठरवायचो की आज सांगायचं, आणि दरवेळी वहिनी चिवड्याची ताटली पुढं करायच्या आणि मी शाळेतल्या गमती सांगून परत यायचो.

ऐंशीच्या दशकात, मला वाटतं पाच-सहा वर्षांनी, वहिनींचा निरोप आला की डोमाजींना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं आहे. छाती सुतानं आणि धुरानं भरली होती. मी गेलो तेव्हा दुपार होती. ते फार लहान दिसत होते. हात चादरीवर उपडे ठेवलेले होते. वहिनी उशाशी बसल्या होत्या आणि पायाशी त्यांचा भाचा, उमरेडहून आलेला, उभा होता. मी वाटेत पक्कं केलं होतं. या वेळी सांगितलं नाही तर पुन्हा वेळ नाही, हे मला दारातूनच दिसलं. मी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, “डोमाजी, एक सांगायचं होतं.”

त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते भाच्याकडे बघत होते. मला दाखवून त्याला म्हणाले, “हे मास्तर. यायनं अख्खं पुस्तक वाचून देल्लं मले. इंग्रजी. एका पानावरची ओय नाई सोडली.” मग दम घेऊन म्हणाले, “पुस्तकाची चूक नाई, मास्तरची नाई. तेवढं एक काम त्या साली बराबर झालं.” आणि माझ्याकडे वळून विचारलं, “नाई का जी?”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मरणाऱ्या माणसाच्या हातातून त्याची एवढी एक चांगली गोष्ट कशाला काढून घ्यायची म्हणून मी बोललो नाही, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला त्यांच्यापुढं मास्तर राहायचं होतं, शेवटपर्यंत.

मी म्हणालो, “हो डोमाजी. सगळं वाचलं होतं.”